एकेचाळिसावा रुमाल

त्या रविवारी दुपारी टेरन्स ओडमच्या नावावर हंगामातला एकेचाळिसावा पिवळा रुमाल पडला, आणि तो पाडला त्याच्या सासूने.

सासूबाई त्या वेळी मैदानापासून सहा मैलांवर, टोलेडो शहरातल्या आपल्या घरी, सोफ्यावर पाय वर घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर जावई दोन्ही हात पसरून उभा होता. ‘मी काय केलं?’ असा त्याचा चेहरा. त्याने काय केलं ते शैलजा सातपुतेंना नेमकं ठाऊक होतं. चेंडू हवेत असताना त्याने पुढच्या खेळाडूची जर्सी कमरेजवळ डावीकडे दोन बोटांत धरली होती. शैलजाबाईंनी टरफलं मुठीत गोळा केली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. पहिले दहा रुमाल त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिले होते, विसाव्याला राग आला होता. आता नुसता थकवा यायचा.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायचा म्हणजे नाकी नऊ येतात. पण या गोष्टीपुरतं एवढं पुरे: एक जण चेंडू लांब फेकतो, दुसरा धावत जाऊन तो झेलतो, आणि तिसऱ्याची नोकरीच अशी, की त्या दुसऱ्याला झेलू द्यायचं नाही. हा तिसरा म्हणजे कॉर्नरबॅक. पहिली पाच यार्डं त्याने झेलणाऱ्याला खुशाल ढकलावं, रेटावं. त्यापुढे मात्र जर्सी धरायची नाही. कबड्डीत पकड हाच खेळ. इथे पाच यार्डांपुढे पकड हा गुन्हा. गुन्हा दिसला की पंच कमरेचा पिवळा रुमाल काढून भिरकावतो. पण पळणाऱ्या माणसाची जर्सी अर्धा क्षण बोटात अडकवली तरी त्याचं पाऊल चुकतं, म्हणून सगळेच कॉर्नरबॅक बोट अडकवतात. कुणाचं पंचाला दिसतं, कुणाचं दिसत नाही, आणि कुणाचं दिसूनही न दिसल्यासारखं होतं. यावरून त्या देशात जितकी भांडणं झाली तितकी निवडणुकांवरूनही झाली नसतील.

ती भांडणं मिटवायला शैलजाबाईंचं कापड आलं.

शैलजाबाई मूळच्या इचलकरंजीच्या. वडील, म्हणजे तात्या, सायझिंगच्या कारखान्यात मुकादम. माग चालण्याआधी सुताला खळ लावून ते बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळतात, ते ठिकाण. मुलगी गावातच टेक्स्टाईल शिकली आणि सुताचा धागा धरून टोलेडोच्या प्रयोगशाळेपर्यंत आली. तीस वर्षं झाली त्याला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती मुलगी अबोली फिजिओथेरपिस्ट झाली आणि टोलेडो ग्लासमेन या संघाच्या एका दुखऱ्या गुडघ्यावर उपचार करता करता त्या गुडघ्याच्या मालकाशी तिने लग्न केलं. तो मालक टेरन्स.

कापडाची कल्पना तशी साधी होती. सुताच्या पोटात केसाहून बारीक वीजवाहक तार घालायची. तार ताणली की तिच्यातून वीज जायला अडथळा वाढतो. ताण जितका जास्त तितका अडथळा जास्त. अशी सुतं उभी-आडवी विणली की कापडाचा नखाएवढा प्रत्येक चौकोन सांगू शकतो की मला कुठल्या दिशेने, किती जोराने आणि किती वेळ ओढलं. तेही सेकंदाला हजार वेळा. धावणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालीने कापड ताणतं ते वेगळं आणि परक्या हाताने ओढलं ते वेगळं, हे ओळखायला शैलजाबाईंना चार वर्षं लागली.

पहिल्याच सराव सामन्यात कापडाने एकाहत्तर रुमाल टाकायला लावले. सामना साडेचार तास चालला आणि शेवटी मैदानात खेळाडू आणि त्यांचे नातेवाईक तेवढे उरले. लीगने, म्हणजे सगळे संघ चालवणाऱ्या मंडळाने, हात जोडले. बाई, म्हणाले, प्रत्येक स्पर्शाला रुमाल नको. कुठल्या ओढीने खरंच नुकसान होतं ते अनुभवी पंचाला कळतं, तेवढं कापडाला शिकवा. मग तीन हंगाम कापड मुकं ठेवलं. खेळाडू ते घालून खेळले, निर्णय माणसांनी दिले, आणि कापडाला जोडलेलं यंत्र बाजूला बसून शिकत राहिलं. अशी ओढ, रुमाल पडला. तशी ओढ, नाही पडला. लाखभर ओढी त्याने पाठ केल्या, आणि चौथ्या हंगामापासून त्याने इशारा दिला की पंचाने रुमाल टाकायचा असं ठरलं.

पंच बड्या खेळाडूंकडे कानाडोळा करतात ही ओरड जुनीच होती. म्हणून शैलजाबाईंनी अट घातली की यंत्राला ओढणाऱ्याचं नाव, क्रमांक, संघ, काहीएक कळता कामा नये. त्याला फक्त कापड दिसेल. लीगने ते मान्य केलं. तेव्हापासून दर डिसेंबरात, बाद फेरीच्या आधी, त्या एका दाखल्यावर सही करत. त्यातलं वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं: ‘समान ओढीला समान निकाल.’ या वाक्याचा त्यांना अभिमान होता. नवऱ्याच्या फोटोखाली पहिल्या दाखल्याची प्रत त्यांनी फ्रेम करून लावली होती.

खेळाडूंनी मात्र कापडाचं नाव ‘सासू’ ठेवलं. टेरन्समुळेच. सराव करताना कुणी कुणाची जर्सी धरली की बाकीचे ओरडत, “सासू बघतेय!” टेरन्सही हसे. पहिल्या वर्षी हसला, दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत हसला.

मंगळवार खेळाडूंच्या सुट्टीचा. त्या दिवशी मुलगी-जावई शैलजाबाईंकडे जेवायला येत. जॉर्जियाच्या खेड्यात वाढलेल्या टेरन्सला तांबडा रस्सा इतका मानवला होता, की डोळ्यांतून पाणी काढत तो तीन वाट्या प्यायचा. त्या मंगळवारी शैलजाबाई शेगडीजवळ रस्सा ढवळत होत्या. अबोली ओट्यावर कांदा चिरत होती, तिची एक मैत्रीण विरजणाला दही न्यायला आली होती ती ते फ्रीजमधून काढत होती. तेवढ्यात कुणीतरी मागून स्वेटरचं टोक ओढलं.

“टेरन्स, ताटं घे,” शैलजाबाई मागे न बघता म्हणाल्या.

“बघा, इथेही पकडला गेलो,” टेरन्स म्हणाला आणि ताटं घ्यायला गेला.

मैत्रीण दही घेऊन गेल्यावर तिघं जेवायला बसले. पण टेरन्स जेवेना. त्याने फोन टेबलावर ठेवला.

“आई, हे दोन प्रसंग बघा. रविवारचेच आहेत. हा मी. आणि हा मॅडिगन.”

जेस मॅडिगन हा त्याच संघाचा दुसरा कॉर्नरबॅक. टेरन्स मैदानाच्या डाव्या अंगाला खेळे, मॅडिगन उजव्या. शहरातल्या बसेसवर मॅडिगनचे फोटो होते, दुधाच्या डब्यांवर होते. त्याच्या नावावर या हंगामात रुमाल पडले होते सहा.

शैलजाबाईंनी दोन्ही प्रसंग पाहिले. दोघांनीही धरलं होतं.

“माझ्यावर रुमाल पडला. त्याच्यावर नाही. आई, मी त्याच्याबरोबर रोज सराव करतो. तो माझ्यापेक्षा जास्त धरतो. मला धरायला शिकवलं कुणी? त्यानेच.”

“कापडाला नाव माहीत नसतं, टेरन्स.”

“मग त्याला काय माहीत असतं?”

“किती जोराने ओढलं, किती वेळ. बस्स.”

“मला सूट नकोय.” टेरन्सने घास परत ताटात ठेवला. “माझ्यावर टाका ना रुमाल. पण मग त्याच्यावरही टाका. पुढच्या मंगळवारी प्रशिक्षक यादी छाटणार आहेत. बत्तीस वर्षांचा माणूस आणि एकेचाळीस रुमाल. मला ते ठेवतील असं वाटतं तुम्हाला?”

“मग धरणं सोड की.”

“धरणं सोडलं तर ही बावीस-बावीस वर्षांची पोरं माझ्या पुढून निघून जातील. माझे पाय काय आहेत ते अबोलीला विचारा.”

अबोलीने टेरन्सच्या गुडघ्याकडे पाहिलं. ती मराठीत म्हणाली, “आई, एकदा तपासून तर बघ.”

“वर्षातून चारदा तपासते, बाई. तुझा नवरा आहे म्हणून पाचव्यांदा तपासू?”

टेरन्सला मराठी कळत नसे, पण सूर कळे. तो उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं, आणि म्हणाला, “जेवण छान होतं, मॅम.” चिडला की तो ‘आई’ सोडून ‘मॅम’ म्हणायचा. रश्श्याची वाटी तशीच भरलेली होती. शैलजाबाईंना वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचाही कंटाळा आला.

बुधवारी सकाळी त्यांनी पाचव्यांदा तपासलं.

क्लॅरा नावाची त्यांची सहकारी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होती. दोघींनी रविवारच्या त्या दोन ओढी शेजारी शेजारी लावल्या. टेरन्सची ओढ सव्वाचार किलोची, मॅडिगनची साडेचार किलोची. टेरन्सने एक चतुर्थांश सेकंद धरलं होतं, मॅडिगनने थोडं जास्तच. दोन्ही वेळी झेलणाऱ्याचं पाऊल सारखंच आखडलं होतं. आणि यंत्राने एकाला गुन्हेगार ठरवलं होतं, दुसऱ्याला सोडलं होतं.

“योगायोग असेल,” क्लॅरा म्हणाली.

दोघींनी आणखी तीस जोड्या काढल्या. योगायोग तीस वेळा होत नाही. क्लॅराने सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. नावं नाहीत, क्रमांक नाहीत, मग याला कळतं कसं? शैलजाबाई खुर्चीत मागे रेलून ओढींचे आलेख बघत बसल्या. नागमोडी रेषांच्या दोन रांगा होत्या, डावीकडे टेरन्सच्या, उजवीकडे मॅडिगनच्या. बघता बघता त्यांना मंगळवारचं स्वयंपाकघर आठवलं. पाठीमागे तिघं होती. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. आणि तरी त्या टेरन्सचं नाव घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

मग तात्या आठवले. नवा बीम आला की त्याची हजारो सुतं जुन्या सुतांना एकेक करून जोडणारे लोक असत, वहिफणीवाले. सूत तुटून माल खराब झाला की प्रत्येक जण हात वर करी. तात्या गाठ नखावर घेत, उजेडात धरत. “ही बाळूची हाय,” म्हणत. “त्यो सूत डावीकडं वढतोय. आणि ही सदाची. त्यो थुंकी लावल्याबिगर गाठच मारत न्हाई.” कुणी नाव सांगायची गरजच नसे. गाठीत हात दिसे. लहान शैलजा शेजारी उभी राहून हे बघायची आणि तिला तात्या जादूगार वाटायचे.

शैलजाबाईंनी दोघांच्या सगळ्या ओढी एका नव्या, छोट्या प्रोग्रॅमला दिल्या आणि एकच प्रश्न विचारला: ओढीच्या पहिल्या काही हजारांश सेकंदांवरून सांग, हात कुणाचा? त्याने शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा बरोबर सांगितलं. मॅडिगन आधी अंगठा टेकवे, मग मनगट आत वळवे. टेरन्स दोन बोटांनी खाली हिसका देई आणि घाबरल्यासारखा लवकर सोडे. नाव काढून टाकून काही उपयोग झालाच नव्हता. तीन हंगाम पंचांनी मॅडिगनला सोडलं होतं, आणि यंत्र इमानेइतबारे शिकलं होतं की अंगठा टेकवून मनगट वळवणाऱ्या हाताला रुमाल पडत नसतो. फक्त मॅडिगनच नव्हे, असे नऊ हात निघाले. नऊही जण बसवर आणि डब्यांवर फोटो असलेले.

“हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं?” क्लॅराने विचारलं.

“माझ्या,” शैलजाबाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या नाही आलं तर चालतं. माझ्या यायला हवं होतं.” गाठीवरून माणूस ओळखणाऱ्याच्या पोरीने कापडाला आंधळं समजावं, याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्या उठून हात धुऊन आल्या. हात स्वच्छच होते.

शुक्रवारी लीगच्या नियम विभागाचा प्रमुख रसेल विकहॅम दाखल्यावर सही घ्यायला स्वतः आला. मोठा, संथ बोलणारा माणूस. गुडघे जाईपर्यंत बावीस वर्षं पंच होता. शैलजाबाईंनी त्याला जर्सी घालायला लावली आणि पडद्याकडे तोंड करून उभं केलं. मागून एकदा क्लॅराने ओढलं, एकदा त्यांनी, मग पुन्हा क्लॅराने. त्या छोट्या प्रोग्रॅमला दोघींच्या ओढी आधीच शिकवल्या होत्या. दर वेळी पडद्यावर बरोबर नाव उमटलं. विकहॅमने जर्सी काढली आणि न घडी घालता खुर्चीवर ठेवली.

“उपाय काय?” त्याने विचारलं.

“एकच रेघ मारायची. इतक्या जोराच्या, इतक्या वेळाच्या वर गेलं की रुमाल. हात कुणाचाही असो. रेघ कुठे मारायची तेही मी काढलंय. सामन्यात रुमाल आत्ता पडतात तितकेच पडतील. फक्त माणसं बदलतील.” त्यांनी यादी पुढे केली. पूर्ण हंगाम त्या रेघेवर पुन्हा चालवून काढलेली.

विकहॅमने चष्मा लावला. “मॅडिगन सहावरून बावन्न?”

“हो.”

“आणि तुमचा जावई...” त्याचं बोट खाली सरकत गेलं. “एकेचाळीसवरून अडतीस. तीनच कमी?”

“तीनच.”

“लोक म्हणतील, सासूने जावयासाठी केलं.”

“जावयासाठी केलं असतं तर आकडा बरा नसता का काढला, रसेल?”

विकहॅमला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याने बोट पुन्हा मॅडिगनच्या नावावर नेलं. मग हळूच म्हणाला, “त्या तीन हंगामांत मीही पंच होतो. मी मॅडिगनवर किती टाकले, ते आहे तुमच्याकडे?”

“आहे. एक.”

“मला कुणी सांगितलं नव्हतं हो, त्याला सोड म्हणून. तुमची शपथ. मी जे दिसेल त्यावरच टाकत होतो.” तो कागदाकडे बघत म्हणाला. शैलजाबाईंना त्याच्यावर रागावता येईना. त्याचं खरं होतं. त्याला खरंच दिसलं नसेल.

पण बावीस वर्षं पंच असलेला माणूस आता खुर्चीवरचा माणूस होता. त्याने चष्मा खिशात ठेवला. “मॅडिगनवर बावन्न रुमाल पडले तर लोक टीव्ही बंद करतील. या वर्षी सही करा. पुढच्या हंगामात आपण समिती नेमू.”

“दाखल्यातलं वाक्य मी लिहिलंय. ते आता खोटं आहे. मी नाही करणार सही.”

“मग क्लॅरा करेल. नियमात तशी सोय आहे.”

क्लॅरा दारात उभी होती. तिला दोन लहान मुलं होती आणि नवरा वर्षभर घरी बसून होता. तिने खाली पाहिलं. शैलजाबाईंनीही तिच्याकडे पाहायचं टाळलं, तिला अवघड वाटू नये म्हणून.

त्याच रात्री शैलजाबाईंनी राजीनामा दिला आणि शनिवारी तो बाहेर फुटला. कारण लीगने दोनच शब्दांत दिलं, ‘कौटुंबिक हितसंबंध’. खेळाच्या वाहिन्यांना सणच मिळाला. ‘सासू रुसली’ या मथळ्याखाली एक जाडजूड विनोदवीर डोक्यावर पदर घेऊन पिवळे रुमाल वाळत घालताना दाखवला. शैलजाबाईंनी खेळाडू संघटनेला आपली यादी पाठवली. आठ ओळींचं उत्तर आलं, त्यातल्या सहा ओळी आभाराच्या होत्या. क्लॅराने सही केली.

सोमवारी अबोलीचा फोन आला.

“आई, टेरन्स काल पहिल्यांदा नीट झोपला. तो सगळ्यांना सांगतोय, माझ्या सासूने माझ्यासाठी नोकरीला लाथ मारली. त्याला वाटतंय, सगळे रुमाल खोटे होते.”

“सगळे नव्हते, अबोली.”

“मला माहीत आहे. मला ओळखता येतं, तो धरतो ते.” तिने आवाज खाली घेतला. “उद्या त्याला काढणार. नक्कीच. यंत्राच्या चुकीने गेलो असं त्याला वाटू दे ना. त्या यादीतला आकडा त्याला सांगू नकोस. तेवढं कर माझ्यासाठी.”

“बघते,” शैलजाबाई म्हणाल्या. त्या दमल्या होत्या. लीगशी भांडणं सोपं होतं असं त्यांना वाटलं. तिथे निदान कुणावर माया नव्हती.

मंगळवारी यादी छाटली गेली. अकरा वर्षांचा खेळ संपवायला चार मिनिटं लागली, असं टेरन्स नंतर म्हणाला. बुधवारी दुपारी दोघं जेवायला आले. टेरन्सच्या हातात त्याची शेवटची जर्सी होती. नियम असा होता, की जाणाऱ्या खेळाडूने जर्सी खुशाल न्यावी, पण तिच्यातलं तारेचं सूत उसवून परत करावं.

“प्रयोगशाळेत द्यायला सांगितली होती,” तो म्हणाला. “मी म्हटलं, घरची मोठी इंजिनियर असताना परक्यांकडे कशाला?”

शैलजाबाई खिडकीपाशी बसल्या. चष्मा बदलला, क्रोशाच्या सुईसारखा बारीक आकडा घेतला आणि जर्सीच्या शिवणीतून सूत उचलू लागल्या. हे काम त्यांना मनापासून आवडायचं. अबोली सिंकपाशी भांडी विसळत होती. टेरन्स मधल्या खुर्चीवर बसला होता, मोठे हात गुडघ्यांवर टाकून. त्या हातांना आता काही काम नव्हतं.

“आई, एक विचारू? तुम्ही सांगत होता तसं एकाच रेघेवर चालवलं असतं, तर माझे किती झाले असते?”

अबोलीने नळ बंद केला.

पंधरा, असं शैलजाबाईंच्या मनात आलं. पंधरा ही काही वाईट संख्या नव्हती. कुणी तपासायला येणार नव्हतं. टेरन्स पंधरा घेऊन आयुष्यभर ताठ मानेने फिरला असता, आणि मुलगी ऋणी राहिली असती. त्यांनी आकड्याने सुताचं एक वेटोळं सोडवलं. त्यांना त्याच्यावर फार माया होती, आणि म्हणूनच जीभ रेटेना.

“अडतीस,” त्या म्हणाल्या.

“अडतीस.” टेरन्सने तो आकडा पुन्हा उच्चारला, जणू कुणाचं तरी नाव पाठ करतोय. “म्हणजे तीन जास्तीचे.”

“तीन.”

“म्हणजे मी धरत होतो.”

“धरत होतास.”

अबोली त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या खांद्यांवरून शैलजाबाईंना कळलं, की ती रडते आहे किंवा चिडली आहे किंवा दोन्ही. टेरन्स उठला. तो निघून जाणार असं त्यांना वाटलं. ‘मॅम’ ऐकायची त्यांनी मनाची तयारी केली.

“आणि मॅडिगन?” त्याने विचारलं.

“बावन्न.”

“बावन्न!” टेरन्सने टेबलावर थाप मारली. “अबोली, ऐकलंस? बावन्न! मी सांगत होतो, तो माझ्यापेक्षा वाईट आहे!” आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते जर्सीच्या बाहीला पुसले. बाही शैलजाबाईंच्या मांडीवर होती, म्हणून त्याला त्यासाठी वाकावं लागलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

मग अबोलीने रस्सा वाढला आणि तो चार वाट्या प्यायला.

जेवणानंतर शैलजाबाई पुन्हा खिडकीशी बसल्या. तिसऱ्या शिवणीतलं सूत अखंड निघत होतं, त्याचं लहानसं रीळ होत चाललं होतं. मागे पावलं वाजली. अबोलीची असतील, किंवा त्याची. त्यांचं लक्ष सुताकडे होतं. तेवढ्यात स्वेटरच्या टोकाला दोन बोटं लागली, खाली एक बारीक हिसका बसला आणि बोटं लगेच सुटली.

शैलजाबाईंनी वळून पाहिलं नाही. आकडा हातातच ठेवून त्या म्हणाल्या,

“एकोणचाळीस.”